अंबरपेठेत घडलेला टाय रॉड

दिवाळी होऊन पाचच दिवस झाले होते. २०२५च्या सप्टेंबरात आमच्या सोलापूर जिल्ह्याची पावसाने काय दैना केली ते वाचकांना सांगायला नको. अक्कलकोट तालुक्यातल्या आमच्या वाडीवर विहीर काठोकाठ भरलेली, बांधावरची वाट खचून जागोजागी खड्डे पडलेले. डाळिंबावर तेल्या दिसू लागला म्हणून दिरांचा मुलगा छोट्या ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून फवारणीला निघाला. विहिरीच्या वळणावर पुढचे उजवे चाक खड्ड्यात आपटले, काहीतरी कडकन मोडले आणि ते चाक आपल्या मनाने बाहेर वळले. स्टीअरिंग हातात गरगर फिरत होते, त्याचा चाकाशी काही संबंधच राहिला नव्हता. पोराने दोन्ही पाय ब्रेकवर दाबले. ट्रॅक्टर थांबला तेव्हा विहिरीचा काठ दोन हातांवर होता. त्या विहिरीला कठडा नाही.

मी पडवीत तांदूळ निवडत होते. ओरडा ऐकून धावले तर पोरगा चाकाजवळ बसलेला, हातात मोडका दांडा. सासूबाई, म्हणजे आमच्या अव्वा, काठी टेकत आल्या. त्यांनी नातवाला नखशिखांत पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "जीव मोदलु, केलस आमेले." जीव आधी, काम मागून. मग वळून घरात गेल्या आणि देवापुढे बसल्या त्या दुपारपर्यंत उठल्या नाहीत.

मोडला होता तो टाय रॉड. पुढच्या दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवणारा आडवा दांडा. तो आधीही एकदा, उन्हाळ्यात, टोकाजवळ चिरला होता. तेव्हा गावातल्या वेल्डरकडून डाग देऊन घेतला. शंभर-दीडशे रुपयांत काम झाले म्हणून सगळे खूश. डाग तसाच शाबूत होता, दांडा मोडला तो डागाला अगदी खेटून.

नवीन दांडा विचारला तर उत्तर मिळाले, हे मॉडेल बंद होऊन बरीच वर्षे झाली, सेट येत नाही, नवीन ट्रॅक्टरच बघा. आता नवीन बघायचे तर आज छोटे ट्रॅक्टर पुष्कळ आहेत. बंगळूरच्या व्ही.एस.टी.चा साडेअठरा अश्वशक्तीचा शक्ती आपल्या भागात जुना ओळखीचा, महिंद्राचा युवराज पंधरा अश्वशक्तीचा, राजकोटकडचा कॅप्टन. डाळिंबाच्या दोन ओळींत साडेचार मीटर जागा सोडली, तरी झाडे दोन्हीकडून पसरली की मोठा ट्रॅक्टर फांद्या मोडल्याशिवाय जात नाही. तिथे हेच कामाचे. पोराचे मन नव्याकडे होते. "कर्ज काढू या," तो म्हणाला. दीर म्हणाले, "बाग पाण्यात, आणि वर हप्ता?" त्यावरून बापलेकांत दोन दिवस बोलणे बंद. पोरगा रागाने म्हणाला, पुण्याला जाऊन कंपनीत लागतो, तुमची बाग तुम्ही बघा. चोवीस वर्षांचा मुलगा असे बोलला की घरातल्या बायकांच्या पोटात काय होते, ते ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना ठाऊक आहे.

मला अंबरपेठचे काका आठवले.

माझी धाकटी मावशी हैदराबादला अंबरपेठेत दिलेली. काका लालागुड्याच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये टर्नर होते. हे वर्कशॉप निजामाच्या रेल्वेचे, १८९३ सालचे. काका तिथून निवृत्त होऊनही वीस वर्षे झाली. वय अठ्ठ्याहत्तर, हात थोडा थरथरतो. पण फोनवर मी "टाय रॉड" म्हटल्याबरोबर आवाज एकदम तरुण झाला. "वेल्ड केला होता ना? मग मोडणारच. पोराला फोन दे."

पुढची वीस मिनिटे पोरगा नुसता "हो काका, हो काका" म्हणत होता. काकांचे पहिले सांगणे असे, की मोडक्या दांड्याचे माप घेऊ नकोस, तो वाकलेला आहे, तो खोटे बोलेल. माप ट्रॅक्टरचे घे. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून पुढची दोन्ही चाके नीट सरळ कर, आणि मग एका आर्मच्या भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत किती भरते ते लिही. माप झाल्यावरच पाना हातात घे. ते भरले ब्याऐंशी सेंटिमीटर आणि वर थोडे. मग दोन्ही स्टीअरिंग आर्म काढून, मोडक्या दांड्यासकट, सोलापुरी चादरीत गुंडाळून आम्ही दोघे निघालो. पहाटे सोलापूरला हुसेनसागर एक्स्प्रेस पकडली. पिशवीचे वजन पाहून शेजारच्या बाईंनी विचारले, "काय हो, वरवंटा का?"

अंबरपेठ म्हणजे काचीगुड्याच्या पलीकडचा, मूसीच्या काठचा भाग. मी लहानपणी सुट्टीला जायची तेव्हाचे आठवते ते गोलनाक्याच्या अरुंद गल्ल्या आणि पावसाळ्यात मूसीला पाणी आले की वर्षानुवर्षे बंद पडणारा मूसारामबागचा तो खालचा पूल. आता सहा नंबरच्या चौकावरून उड्डाणपूल गेला आहे, २०२५च्या फेब्रुवारीत तो वाहतुकीला खुला झाला. बाग अंबरपेठेतला बतुकम्मा कुंटा, जिथे कित्येक वर्षे नुसती झुडपे आणि राडारोडा होता, तोही त्याच वर्षी उपसून पुन्हा पाण्याने भरला. मावशी रोज संध्याकाळी तिथे फेरी मारते आणि फोनवर मला त्याचे वर्णन ऐकवते, जणू तिनेच खणला.

आणि तिथली भाषा! आपल्या सीमाभागातल्या माणसाला हैदराबादेत परके वाटतच नाही. १९५६च्या नोव्हेंबरपर्यंत बीदर, गुलबर्गा, रायचूर, उस्मानाबाद, नांदेड ही सगळी एकाच हैदराबाद राज्यात होती. मग भाषेप्रमाणे कुणी म्हैसूरला गेले, कुणी मुंबईला. नकाशा फाटला तरी बोली कुठे फाटते? दखनीतला "नक्को" हा आपलाच "नको". तिकडचा "हौ", आपला "हो" आणि कन्नडचा "हौदु" एका ओळीत बसवून पाहा, सख्खी भावंडे वाटतील. आमच्या घरी "काका-काकू" म्हणताना आपण मराठी बोलतो की कन्नड, याचा पत्ता कुणालाच लागत नाही, तसेच हे.

काकांनी आम्हाला चहासुद्धा नीट पिऊ दिला नाही. कालनिर्णयचे जुने पान उलटे करून त्यावर चाके काढली आणि पोराला शिकवायला बसले. मीही ऐकत होते. तीस वर्षे शाळेत शिकवून मला इतके सोपे करून सांगता आले असते का, कोण जाणे.

स्टीअरिंग बॉक्समधून निघणारा एक दांडा डाव्या चाकाच्या आर्मला हलवतो. उजव्या चाकाला कुणी हलवत नाही, ते काम टाय रॉडचे. म्हणून तो गेला की एक चाक अनाथ. आता वळताना दोन्ही चाके सारखी वळत नाहीत. आतल्या चाकाला लहान वर्तुळ फिरायचे असते, त्याला जास्त वळावे लागते. यावर तोड काढली ती बग्गी बांधणाऱ्यांनी, मोटार जन्मायच्या कितीतरी आधी. म्युनिकच्या लांकेनस्पर्गर नावाच्या कारागिराची ही युक्ती. लंडनमध्ये त्याच्या वतीने १८१८ साली पेटंट घेतले रुडॉल्फ आकरमन यांनी, आणि नाव राहिले आकरमनचे. आर्म थोडे आत, मागच्या आसाच्या मध्याकडे रोखलेले असतात ते त्यासाठी. "म्हणून," काका म्हणाले, "दांडा लांब झाला म्हणून कुणी आर्म तापवून वाकवतो, तो मूर्ख. आर्मला हात नक्को लावू."

मग वेल्डिंगचे. बॉल जॉइंटचा खिळा आणि त्याचे डोके घडीव, कडक केलेल्या पोलादाचे असते. त्याला वेल्डिंगची आच लागली की डागाशेजारचा पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो. वरून काही दिसत नाही. रोजच्या चालण्यात तो टिकतो, आणि ज्या दिवशी जोराचा हिसका बसतो त्या दिवशी न सांगता तुटतो. लोखंड वाकले तर माणसाला कळायला वेळ मिळतो, असे तुटले तर मिळत नाही. पोराने हातातला मोडका तुकडा उलटा केला. मोड अगदी स्वच्छ, करड्या दाण्यांची, कुठे ताणल्याची खूण नाही. तो बराच वेळ त्याकडे बघत बसला.

"बॉल जॉइंट करायच्या भानगडीत पडायचे नाही," काकांनी निकाल दिला. "तो विकत. मधला दांडा आपण करू."

दुसऱ्या दिवशी राणीगंजला गेलो. सिकंदराबादचा हा बाजार बेअरिंगे, पाइप, हत्यारे, मशिनांचे सुटे भाग यांचा. बाईमाणूस म्हणून मी एकटीच असेन. जुळणारा जॉइंट शोधायला तीन गोष्टी बघायच्या: आट्यांची जाडी आणि अंतर, खिळ्याचा निमुळतेपणा, आणि एक जॉइंट उजव्या आट्यांचा तर दुसरा डाव्या. आटे सोळा मिलिमीटर जाडीचे, दीड मिलिमीटर अंतराचे. ते लगेच मिळाले. घोडे अडले निमुळतेपणावर. वरून सारखेच दिसणारे खिळे, पण कुणाचा निमुळता उतार दहाला एक, कुणाचा आठाला एक. चुकीचा खिळा भोकात बसल्यासारखा वाटतो, नटही आवळला जातो, पण तो टेकलेला असतो फक्त कडेच्या एका रेघेवर. चार दिवसांत तो सैल होतो.

हे दुकानात कसे कळणार? काकांनी खिशातून कागदाची पुडी काढली. मावशीच्या देव्हाऱ्यातला मारुतीचा शेंदूर, तेलात कालवलेला! वर्कशॉपमध्ये जुने फिटर असेच करायचे म्हणे. खिळ्याला शेंदराचा अगदी पातळ हात द्यायचा, आर्मच्या भोकात बसवून किंचित फिरवायचा आणि काढायचा. भोकात शेंदूर सगळीकडे सारखा लागला तर जोडी जमली. पहिल्या जॉइंटची नुसती वरच्या काठाला लाल कडी उठली. दुसऱ्याचीही तीच. तिसऱ्या दुकानात भोक आतून वरपासून खालपर्यंत लाल झाले. दुकानदार हसून म्हणाला, "हौ अम्मा, हनुमानजी पास कर दिये." खरा शेंदूर शिशाचा असतो, विषारी, काकांनी पोराला तिथेच हात धुवायला लावले, हेही सांगून ठेवते.

दांड्याचे काम अंबरपेठेतच एका गल्लीतल्या लेथवर झाले. मालक काकांचा जुना चेला. त्याने आधी भरीव सळई सुचवली. काका नको म्हणाले. त्यांनी जाड बुडाची, बिनजोडाची नळी निवडली. आमच्या ट्रॅक्टरला टाय रॉड आसाच्या मागे आहे. पुढून ढेकूळ लागले की चाके बाहेर फाकायला बघतात आणि मागचा दांडा दोन्ही टोकांनी दाबला जातो. दाबाखाली लांब दांडा मधोमध वाकतो, आणि तेवढ्याच वजनात नळी सळईपेक्षा ताठ राहते. काकांनी झाडूची काडी आणि पपईच्या पानाचा देठ घेऊन दाखवले. मला एकदम पटले.

डाव्या आट्यांचा टॅप त्या दुकानात नव्हता. मला वाटले आता काम अडले. पण चेल्याने लेथच्या गिअरचा दट्ट्या उलटा टाकला, स्क्रू उलटा फिरू लागला, आणि साध्या हत्याराने नळीच्या आत डावे आटे पाडायला घेतले. अर्ध्यावर काकांनी त्याला बाजूला केले आणि आमच्या पोराला उभे केले. मी "अहो काका" म्हणेपर्यंत पोराचा हात चाकावर होता. काका मागे उभे, त्यांचा थरथरणारा हात पोराच्या मनगटावर. "घाई नक्को. कापू दे त्याला. ऐक, आवाज ऐक." एकेक पाते निघत होते, मधून तेलाचा थेंब. तासाभराने डावा जॉइंट आत फिरला, ना सैल ना घट्ट. पोराचा चेहरा पाहून मला त्याच्या दहावीच्या निकालाचा दिवस आठवला.

उजवे-डावे आटे कशासाठी, तर दांडा गाडीवर असतानाच नळी फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. एक फेरा दिला की दोन्हीकडचे दीड-दीड मिळून तीन मिलिमीटर. मग दोन्ही बाजूंचे लॉकनट आवळायचे. डाव्या बाजूचा लॉकनटही डाव्या आट्यांचाच हवा. तो षटकोनी सळईतून तिथेच केला.

शेवटी काकांनी नळीच्या दोन्ही टोकांपासून चोवीस मिलिमीटरवर एकेक बारीक भोक पाडायला लावले. मला वाटले ग्रीससाठी. तसे नव्हते. जॉइंटचे आटे जाडीच्या निदान दीडपट तरी नळीत असले पाहिजेत. सोळाची दीडपट चोवीस. भोकात तार घालून बघायची. तार अडली तर आटे पुरेसे आत आहेत, आरपार गेली तर दांडा धोक्याचा. "लांबी वाढवायच्या नादात माणूस आटे बाहेर काढत जातो," काका म्हणाले, "मग दोन आट्यांवर गाडी चालते आणि याला वाटते फार हुशार आहे." लेथ, नळी, दोन जॉइंट, सगळे मिळून तीन हजारांच्या आत बसले. मजुरी चेला घेत नव्हता, काकांनी रागावून द्यायला लावली.

त्या रात्री मावशीच्या गच्चीवर पोरगा काकांना विचारत होता, लेथ शिकायला किती दिवस लागतात. काका म्हणाले, "चाळीस वर्षं. पण घरचं काम भागवण्यापुरतं सहा महिन्यांत." मी झोपल्याचे सोंग घेऊन पडले होते. पुण्याचा विषय कुणीच काढला नाही.

घरी आल्यावर बसवायला एक दिवस गेला. ज्यांच्याकडे असा छोटा ट्रॅक्टर आहे त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी सांगते. जुना जॉइंट आर्ममधून काढताना खिळ्याच्या आट्यांवर हातोडा घालायचा नाही. आर्मच्या डोळ्याला दोन्ही बाजूंनी दोन हातोड्यांनी एकदम ठोका दिला की खिळा सुटून येतो. खाचांचा नट आवळल्यावर कॉटर पिनचे भोक जुळत नसेल तर नट मागे सैल करायचा नाही, थोडा आणखी आवळून पुढची खाच घ्यायची. पिन नवी घालायची, जुनी सरळ करून नाही, आणि तिच्या जागी तार तर मुळीच नाही. (आमच्या जुन्या दांड्याला एका बाजूला तारच होती. कुणी घातली ते कुणीच कबूल करत नाही.)

मग चाकांचा कल. दोन्ही पुढच्या रिमांमधले अंतर आसाच्या उंचीवर पुढच्या बाजूने मोजायचे, मागच्या बाजूने मोजायचे. पुढचे तीन ते पाच मिलिमीटर कमी हवे. पुस्तिका असेल तर तिच्यातला आकडा खरा. आमचे आधी पुढेच जास्त भरले. दांडा आसाच्या मागे असल्याने तो लांबवला की चाकांचे पुढचे तोंड आत येते. नळी थोडी-थोडी फिरवत फरक चारवर आणला, तार घालून पाहिली, तार अडली. दीर शेजारी टेप धरून उभे होते. बापलेक आकड्यांपुरते का होईना, बोलू लागले होते.

पहिल्यांदा ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा अव्वा दारात आल्या. लिंबू-नारळ झाले. पोराने गिअर टाकला तशा त्या ओरडल्या, "सावकाश होगप्पा!" आता यात मराठी किती आणि कन्नड किती, हे तुम्हीच ठरवा. विहिरीच्या वळणावर तो खाली उतरला, चाकाजवळ बसून हाताने जॉइंट चाचपला आणि मगच पुढे गेला. विहिरीला कठडा बांधायचे दिरांनी त्याच आठवड्यात मनावर घेतले, विटा येऊन पडल्या आहेत.

दहा तासांच्या कामानंतर लॉकनट पुन्हा आवळले. दर रविवारी एकाने स्टीअरिंग थोडे डावी-उजवीकडे हलवायचे आणि दुसऱ्याने जॉइंटवर हात ठेवून खडखड लागते का पाहायचे, असा आता घरचा नेम झाला आहे. स्टीअरिंगवर बहुतेक मीच असते. रबरी टोपी फाटली तर आत माती जाते आणि ग्रीस निकामी होते, म्हणून तिच्यावरही लक्ष. काकांचा रविवारी फोन येतो. "कशी आहेस" वगैरे नंतर, आधी "पिन बघितली का?"

मागच्या आठवड्यात गावातला तो वेल्डर घरी आला. त्याच्या कानावर सगळे गेले होते. मला वाटले, भांडायला आला. तो ट्रॅक्टरखाली वाकून बराच वेळ नळी, भोके, नट पाहत राहिला. मग पोराला म्हणाला, माझ्याकडे अशी दोन गिऱ्हाइके येऊन बसली आहेत, मी त्यांना डाग देत नाही म्हणून सांगितले. ते जॉइंट कुठे मिळतात ते लिहून दे. पोराने राणीगंजच्या दुकानाचा पत्ता आणि अंबरपेठेतल्या लेथवाल्याचे नाव लिहून दिले. कन्नडमधून, कारण वेल्डरला मराठी बोलता येते, वाचता येत नाही. खाली मापेही लिहिली, आणि शेवटच्या ओळीत, शेंदूर घेऊन जा.